स्वतःच्या कामाचा अहवाल आणि वाणीचे तप

शेत स्वतःचे असले तर वर्षाच्या श्रमांचा निवाडा पीक करते. दुकान स्वतःचे असले तर गल्ला करतो. नोकरी करणाऱ्या गृहस्थाचा निवाडा मात्र दुसरा मनुष्य करतो, आणि तो करण्यापूर्वी त्या गृहस्थालाच विचारतो, 'वर्षभरात तुम्ही काय केले, ते आधी तुम्हीच लिहून द्या.'

प्रश्न वरवर अगदी साधा आहे. पण उत्तर लिहावयास बसताच मनातील रजोगुण आणि तमोगुण दोन्ही जागे होतात. रजोगुण म्हणतो, 'थोडे वाढवून लिही, सगळेच लिहितात.' तमोगुण म्हणतो, 'मागच्या वर्षीचा मजकूर उतरून काढ आणि मोकळा हो.' कोणी हाताखालच्या माणसाच्या कामावर स्वतःचे नाव घालतो. कोणी 'आपण आपले काम केले, त्यात सांगावयाचे काय?' असे म्हणून रकाना रिकामा सोडतो. पहिल्या वृत्तीस लोक चातुर्य म्हणतात आणि दुसरीस विनय. विचार करून पाहता पहिले चातुर्य नव्हे आणि दुसरा विनयही नव्हे. दोन्ही ठिकाणी हातून सत्यच सुटलेले असते.

वार्षिक कार्यमूल्यांकनाची तयारी म्हणजे बढतीसाठी केलेली खटपट, एवढाच अर्थ सामान्यतः घेतला जातो. गीतेचे नित्य अध्ययन करणाऱ्या गृहस्थाने तिच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहावे. आपण केलेल्या कामाविषयी नेमके, पुरेसे आणि निर्मळ बोलणे हा सतराव्या अध्यायात सांगितलेल्या वाणीच्या तपाचाच एक प्रकार आहे. वर्षातून एकदा हे तप नोकरीच्या निमित्ताने अनायासे करावयास मिळते.

अहवालाची आजची रीत

केंद्र सरकारच्या सेवांत पूर्वी 'वार्षिक गोपनीय अहवाल' लिहिला जात असे. नावाप्रमाणेच तो गुप्त असे. प्रतिकूल शेरा पडला तर तो संबंधितास कळवीत. एरवी आपल्याविषयी काय लिहिले गेले, हे त्या मनुष्यास कळण्याचा मार्ग नसे. सीमाभागात रस्ते बांधणाऱ्या सेवेतील एका कार्यकारी अभियंत्याच्या १९९३-९४ या वर्षाच्या अहवालात 'चांगला' असा शेरा होता. शब्द प्रतिकूल नव्हता, म्हणून तो कळविला गेला नाही. परंतु वरच्या पदासाठी सलग पाच वर्षे 'अतिशय चांगला' हा शेरा आवश्यक होता. दिसावयास चांगल्या अशा त्या एका शब्दाने बढती अडली आणि कनिष्ठ लोक पुढे गेले. 'देवदत्त विरुद्ध भारत सरकार' या नावाने हा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. १२ मे २००८ रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की शेरा चांगला असो वा वाईट, तो संबंधितास कळविलाच पाहिजे, म्हणजे त्यास आपले म्हणणे मांडता येईल. पुढे २०१३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हेच मत कायम केले.

या निर्णयानंतर कार्मिक व प्रशिक्षण विभागाने १४ मे २००९ रोजी आदेश काढला. 'गोपनीय' हा शब्द गेला आणि 'वार्षिक कार्यमूल्यांकन अहवाल' हे नाव आले. श्रेणी आणि सचोटीविषयीचा अभिप्राय यांसह संपूर्ण अहवाल संबंधितास दाखविण्याचे ठरले. तो हाती आल्यापासून पंधरा दिवसांत निवेदन देण्याचा अधिकारही मिळाला.

अहवालाचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असे धरतात. वर्ष संपल्यावर कर्मचाऱ्याने आपला स्वयंमूल्यांकनाचा भाग सामान्यतः १५ एप्रिलपर्यंत प्रतिवेदन अधिकाऱ्याकडे द्यावयाचा असतो. त्यात आपली कर्तव्ये, ठरवून दिलेली उद्दिष्टे, त्यांपैकी साध्य झालेली, राहून गेलेली आणि राहण्याची कारणे लिहावी लागतात. त्यानंतर वरिष्ठ एक ते दहा या मापाने गुण देतात. प्रत्यक्ष कामास चाळीस टक्के, व्यक्तिगत गुणांस तीस टक्के आणि कार्यक्षमतेस तीस टक्के महत्त्व असते. आठ ते दहा गुण 'उत्कृष्ट', सहापासून आठच्या आत 'अतिशय चांगला' आणि चारपासून सहाच्या आत 'चांगला' अशी प्रतवारी आहे. राज्य सरकारे, बँका आणि खाजगी कंपन्या यांची प्रपत्रे निरनिराळी असली, तरी 'तुम्ही काय केले?' हा प्रश्न बहुतेक सर्वत्र सारखाच असतो.

शंका आणि समाधान

शंका : दुसऱ्या अध्यायाच्या सत्तेचाळिसाव्या श्लोकात भगवंतांनी कर्मावर अधिकार सांगितला, फळावर नाही. मग अहवालाची तयारी करणे हे फळामागे धावणेच नव्हे काय?

समाधान : अहवाल लिहिणे हेदेखील एक कर्मच आहे आणि नियत कर्म आहे, तो प्रत्येकास लिहावाच लागतो. श्रेणी हे फळ होय. श्रेणी देणे दुसऱ्याच्या हाती आहे. खरा अहवाल देणे आपल्या हाती आहे. फळाचा लोभ नको म्हणून कर्मच ढिलेपणाने करणे, हा त्या श्लोकाचा अर्थ होऊ शकत नाही, कारण अकर्माकडे ओढ असू नये हेही तेथेच सांगितले आहे. शेतकऱ्याने पावसावर अधिकार नाही म्हणून पेरणी अर्धवट करू नये, तसेच हे आहे.

शंका : अठराव्या अध्यायाच्या सव्विसाव्या श्लोकात सात्त्विक कर्त्याचे एक लक्षण 'अनहंवादी' असे दिले आहे. स्वयंमूल्यांकनात तर 'मी अमुक केले' असेच लिहावे लागते. मग ते लिहिणारा अनहंवादी कसा राहील?

समाधान : 'मी' हा शब्द उच्चारल्याने अहंवाद होत नाही, जे आपले नाही ते आपले म्हटल्याने होतो. वाल्मीकिरामायणात, युद्धकांडाच्या आरंभी, श्रीराम लंकेच्या बंदोबस्ताविषयी विचारतात तेव्हा हनुमंत चार दारे, खंदक, त्यांवरील पूल आणि सैन्य यांचे तपशीलवार वर्णन करतो. आपण पूल मोडले, खंदक बुजविले, नगरी जाळली हेही तो सांगतो. हे सांगणे आत्मस्तुती नव्हे. पुढील मोहीम त्या माहितीवर आखावयाची होती. ती दडविली असती तर स्वामीचे काम बिघडले असते. कोणासाठी आणि कशासाठी सांगितले, यावरून अहंकार ओळखावा. वरिष्ठास पुढील वर्षाचे काम वाटून देता यावे, म्हणून केलेले निवेदन ही सेवा आहे. सहकाऱ्यास लहान करण्यासाठी केलेले तेच निवेदन अहंवाद होय.

शंका : मग काहीच न लिहिणे अधिक सुरक्षित नाही काय?

समाधान : नाही. सहाव्या अध्यायाच्या पाचव्या श्लोकात मनुष्याने स्वतःचा उद्धार स्वतः करावा, स्वतःला खाली लोटू नये, असे सांगितले आहे. गृहस्थाच्या वेतनावर वृद्ध आईवडील, पत्नी आणि मुले यांचा भार असतो. आळसाने मोकळा सोडलेला रकाना विनयाच्या नावाखाली त्यांचे नुकसान करतो. शिवाय त्याच्याबरोबर राबलेल्या माणसांचे श्रमही त्या रिकाम्या जागेत नाहीसे होतात.

राजपुत्र उत्तराची गोष्ट

दुसऱ्याचे श्रेय घेण्याचा मोह कसा टाळावा, याचे सुंदर उदाहरण महाभारताच्या विराटपर्वात आहे. विराट राजा त्रिगर्तांशी लढण्यास गेला असता कौरवांनी दुसऱ्या बाजूने त्याच्या गाई हरण केल्या. राजधानीत राजपुत्र उत्तर होता. चांगला सारथी मिळाला तर आपण एकट्याने कौरवांस जिंकू, अशी बढाई त्याने अंतःपुरात मारली. बृहन्नडेच्या वेषातील अर्जुन सारथी झाला. परंतु समोर कौरवांची सेना पाहताच उत्तर रथातून उडी टाकून पळत सुटला. अर्जुनाने त्यास पकडून परत आणले, धीर दिला, सारथी केले आणि स्वतः युद्ध करून गाई सोडविल्या.

परतताना अर्जुनाने त्यास सुचविले, की हा विजय आपणच मिळविला असे पित्यास सांगावे. श्रेय घेण्याची सोय स्वतः पराक्रम करणाराच करून देत होता, आणि ते गुप्त ठेवणे अर्जुनासही हवे होते. तरीही उत्तराने उत्तर दिले, की जे कर्म तुम्ही केले ते करण्याची शक्ती माझ्या ठायी नाही. मात्र तुम्ही सांगेपर्यंत तुमचे नाव मी पित्याजवळ उघड करणार नाही.

इकडे विराटाने नगर शृंगारले होते. पुत्राची स्तुती चालली असता, कंकाच्या रूपातील युधिष्ठिराने बृहन्नडेचे नाव घेताच राजाने रागाने फासा फेकून त्यास जखमी केले. उत्तर आल्यावर प्रथम त्याने पित्यास क्षमा मागावयास लावले. मग पित्याने भीष्म, द्रोण, कर्ण यांची नावे घेऊन, 'त्यांच्याशी तू कसा लढलास?' असे विचारले. तेव्हा गाई मी सोडविल्या नाहीत, शत्रू मी जिंकले नाहीत. एका देवपुत्राने ते सर्व केले आणि भयाने पळणाऱ्या मलाही त्यानेच मागे फिरविले, असे राजपुत्राने भर सभेत सांगितले.

या गोष्टीतील तीन अंशांकडे लक्ष द्यावे. ज्याचे श्रेय त्यास दिले, हा पहिला. आपण पळालो ही उणीव कोणी विचारली नसताही सांगितली, हा दुसरा. आणि सत्य सांगतानाही जे गुप्त ठेवण्याचे वचन दिले होते ते पाळले, हा तिसरा. श्रेय, उणीव आणि मर्यादा ही तिन्ही ज्याने सांभाळली त्याचा अहवाल शुद्ध झाला, असे समजावे. अंतःपुरात बढाई मारणारा तोच राजपुत्र एका दिवसात येथवर आला. त्यामुळे ही गोष्ट सामान्य मनुष्यासही धीर देणारी आहे.

पाच कारणांचा विचार

अठराव्या अध्यायाच्या चौदाव्या श्लोकात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, विविध चेष्टा आणि दैव. भाष्यकारांनी अधिष्ठान म्हणजे शरीर, करण म्हणजे इंद्रिये, चेष्टा म्हणजे प्राणांचे व्यापार असे अर्थ केले आहेत, आणि त्या प्रकरणाचा रोख आत्म्याच्या अकर्तेपणाकडे आहे. तो परमार्थ कायम ठेवून व्यवहारातही हा विचार लावून पाहता येतो. ज्या जागी आणि ज्या पदावर काम झाले ते अधिष्ठान. जबाबदारी घेणारा तो कर्ता. माणसे, यंत्रे आणि पैसा ही करणे. प्रत्यक्ष केलेले प्रयत्न त्या चेष्टा. आणि कोणाच्याच हाती नसलेले ते दैव. काम सिद्धीस गेले की मनुष्य उरलेली चारही कारणे विसरून फक्त कर्त्याचे नाव घेतो. काम फसले की कर्त्यास विसरून फक्त दैवाचे नाव घेतो. अहवालातील बहुतेक असत्य या दोन विसरांतून जन्मते.

कल्पनेने एक उदाहरण घ्यावे. पाणीपुरवठा खात्यातील एका साहाय्यक अभियंत्याकडे वर्षभरात बारा गावांची नळयोजना पूर्ण करण्याचे उद्दिष्ट होते. नऊ गावांत पाणी पोहोचले, तीन राहिली. त्या तिघांपैकी एका गावी जागेचा वाद न्यायालयात होता, दुसऱ्या गावचा ओढा अतिवृष्टीने फुटला, आणि तिसऱ्या गावचे अंदाजपत्रक त्या अभियंत्याच्याच मेजावर दोन महिने पडून राहिले. शिवाय जुन्या नळांतील गळती रात्रीच्या वेळी, वर्दळ थांबल्यावर, कान लावून शोधण्याची युक्ती एका नळजोडाऱ्याने काढली होती. तिने तीन गावांची गळती आटोक्यात आली.

मोह असे लिहवितो : 'अतिवृष्टी व जागेच्या अडचणी असूनही नऊ योजना यशस्वीपणे पूर्ण केल्या. गळती शोधण्याची नवी पद्धत अमलात आणली.' यातील एकही शब्द उघड खोटा नाही. तरीही सगळे वाक्य खोटे आहे. दोन महिने पडून राहिलेले कागद पावसाच्या पाण्यात वाहून गेले आहेत आणि नळजोडाऱ्याचे नाव कोठेच नाही.

सत्य असे लिहविते : 'बारांपैकी नऊ योजना पूर्ण झाल्या. एक योजना न्यायालयीन वादामुळे व एक अतिवृष्टीमुळे राहिली. तिसऱ्या योजनेचे अंदाजपत्रक माझ्याकडून दोन महिने उशिरा गेले; आता अशा कागदांसाठी आठवड्याची तपासणी सुरू केली आहे. गळती शोधण्याची रीत आमच्या नळजोडाऱ्यांपैकी एकाने सुचविली. त्याचे नाव सोबतच्या टिपणात दिले असून प्रशंसापत्रासाठी शिफारस केली आहे. ती रीत इतर गावी लागू करण्याची व्यवस्था मी केली.' या मजकुरात पाचही कारणे आपापल्या जागी आहेत. आणि शेवटच्या वाक्यातील 'मी' अगदी योग्य ठिकाणी आहे, कारण तेवढे काम खरोखरच त्याचे होते.

वाणीच्या चार कसोट्या

सतराव्या अध्यायाच्या पंधराव्या श्लोकात वाणीच्या तपाची लक्षणे दिली आहेत : ते भाषण उद्वेग न करणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असावे. स्वयंमूल्यांकनाचे प्रत्येक वाक्य या चार कसोट्यांवर घासून पाहावे.

सत्य म्हणजे मोजता येईल ते मोजून लिहावे. 'पुष्कळ प्रकरणे निकालात काढली' असे न लिहिता किती आली, किती निकालात निघाली आणि किती शिल्लक राहिली, ते आकड्यांत लिहावे. उद्वेग न करणारे म्हणजे सहकाऱ्यावर किंवा दुसऱ्या विभागावर ठपका न ठेवता अडचण सांगावी. 'लेखा विभागाने छळले' याऐवजी 'मंजुरी अमुक तारखेस मिळाली' असे लिहिता येते. तारीख आपले काम करते. प्रिय म्हणजे खुशामत नव्हे; वाचणाऱ्यास अर्थ लगेच कळावा, विनाकारण लांबण नसावी, एवढे प्रियत्व पुरे आहे. हितकर म्हणजे त्या वाक्याने पुढील कामास काही लाभ व्हावा. ज्या वाक्याने कोणाचेच हित होत नाही ते गाळावे.

याच श्लोकात स्वाध्यायाचा अभ्यासही सांगितला आहे, हे विसरू नये. त्याचा मुख्य अर्थ शास्त्राचे अध्ययन हाच आहे. पण ज्या गृहस्थाने नित्य पाठाची सवय लावून घेतली आहे, त्यास रोजच्या कामाची नोंद ठेवण्याची सवय जड जात नाही.

वर्षभराची तयारी

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात बसून संपूर्ण वर्ष आठवू म्हटल्यास शेवटचे दोन महिनेच आठवतात. ज्येष्ठात केलेले काम माघात स्मरत नाही. यास्तव पुढील नियम उपयोगी पडतील.

१. वर्षारंभी आपली उद्दिष्टे वरिष्ठांकडून स्पष्ट करून घ्यावीत आणि लिहून ठेवावीत. जे ठरलेच नाही त्याचे मूल्यमापन न्याय्य होत नाही.

२. एक साधी वही ठेवावी. आठवड्यातून एकदा, कचेरीतून निघण्यापूर्वी दहा मिनिटे, त्या आठवड्यात पूर्ण झालेले काम, अडलेले काम आणि साहाय्य करणाऱ्यांची नावे एवढेच तारखेसह टिपावे.

३. प्रशंसेची पत्रे, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे, मंजुरीचे आदेश यांच्या प्रती एका ठिकाणी लावून ठेवाव्यात. पुरावा जवळ असला की आवाज चढविण्याची गरज राहत नाही.

४. ज्यांस वार्षिक मालमत्ता विवरण द्यावे लागते त्यांनी ते ३१ जानेवारीपर्यंत द्यावे व त्याची तारीख टिपून ठेवावी. केंद्रीय सेवांच्या प्रपत्रात ती विचारली जाते.

५. मसुदा लिहून एक रात्र तसाच ठेवावा. सकाळी स्नानसंध्या झाल्यावर शांत चित्ताने वाचावा आणि प्रत्येक यशाजवळ 'यात आणखी कोण होते?' व प्रत्येक अपयशाजवळ 'यात मी किती होतो?' असे स्वतःस विचारावे.

६. मागील वर्षाच्या अहवालात कोणती सुधारणा सांगितली होती, ती झाली की नाही, हे पाहावे. तोच दोष तिसऱ्या वर्षीही निघाला, तर दोष वरिष्ठांच्या दृष्टीत नसून आपल्या सवयीत आहे, असे समजून चालावे.

वरिष्ठांशी भेट

अनेक ठिकाणी, विशेषतः खाजगी कंपन्यांत, लेखी अहवालानंतर वरिष्ठांशी समक्ष बोलणे होते. त्या वेळी घसा कोरडा पडणे, आवाज चढणे किंवा डोळ्यांत पाणी येणे या गोष्टी अनेकांच्या बाबतीत घडतात. याचे कारण असे, की मनुष्य कामाच्या परीक्षेस स्वतःची परीक्षा समजतो. परीक्षा होते ती बारा महिन्यांच्या काही कर्मांची. त्या मनुष्याच्या आत्म्याची नव्हे. हा भेद मनात दृढ करूनच खोलीत पाऊल टाकावे.

आधी ऐकावे, मग बोलावे. दोष सांगितला गेला तर लगेच त्याचे खंडन करू नये. 'असे केव्हा झाले, ते सांगाल का? पुढे मी कसे करावे?' असे विचारावे. चौथ्या अध्यायात ज्ञान मिळविण्यासाठी नम्रतेने प्रश्न विचारणे हे साधन सांगितले आहे. कचेरीतील वरिष्ठ हा मोक्षगुरू नव्हे, आणि तसे मानणेही योग्य नव्हे. तथापि प्रश्न विचारण्याची ती रीत येथेही हितकर ठरते. सांगितलेला दोष खरा असेल तर मान्य करावा. खरा नसेल तर वहीतील तारीख शांतपणे पुढे ठेवावी. वेतनवाढ किंवा बढती मागावयाची असल्यास ती सरळ शब्दांत, कारणांसह, एकदाच मागावी. योग्य वेतन मागणे हा गृहस्थाचा व्यवहार आहे; दीनवाणे होणे किंवा धमकावणे हे त्यात बसत नाही.

शेरा मनाविरुद्ध आला तर

शंका : मानापमान समान मानावेत असे चौदाव्या अध्यायात गुणातीताचे वर्णन आहे. मग प्रतिकूल शेऱ्याविरुद्ध निवेदन करणे गीतेस धरून आहे काय?

समाधान : समत्व म्हणजे अन्याय निमूटपणे सोसणे नव्हे. ज्या अर्जुनास समत्वाचा उपदेश झाला, त्यास युद्ध सोडून जाण्याची अनुज्ञा मिळाली नाही. तिसऱ्या अध्यायाच्या तिसाव्या श्लोकात त्यास चित्ताचा ज्वर टाकून लढावयास सांगितले आहे. निवेदन अवश्य करावे. ज्वर टाकून करावे. शेरा वाचल्या दिवशी लेखणी हाती धरू नये. दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत, पण पंधरा दिवसांची मुदत चुकवू नये. निवेदनात वरिष्ठांच्या हेतूंविषयी एक अक्षरही न लिहिता केवळ कामाची हकीकत, तारखा आणि कागद द्यावेत.

वर सांगितलेला अभियंता 'चांगला' या शब्दावर समाधान मानून गप्प बसला असता, तर देशातील असंख्य कर्मचाऱ्यांस आपल्याविषयी काय लिहिले आहे हे आणखी किती काळ कळले नसते, कोण जाणे. खटला चालू असतानाच तो सेवानिवृत्त झाला होता. पण त्याने लावलेल्या झाडाची सावली पुढच्यांस मिळाली. एका मनुष्याचे न्याय्य निवेदन कित्येकदा लोकसंग्रहाचे कार्य करून जाते.

आणखी एक शंका राहते. इतर सर्व वाढवून लिहीत असता एकटा खरे लिहिणारा मागे पडणार नाही काय? प्रामाणिक उत्तर असे, की कधी कधी पडेल. खरे बोलणाऱ्यास बढती मिळतेच, असे आश्वासन गीतेत कोठेही नाही. तरी एवढे ध्यानी घ्यावे, की बहुधा मागे पडते ते मोघम सत्य. आकडे, तारखा आणि नावे असलेले सत्य दुबळे नसते. आणि वाढवून लिहिणाऱ्यास पुढच्या वर्षी त्या वाढविलेल्या मापाने काम द्यावे लागते, हा दंड त्याने स्वतःच स्वतःस केलेला असतो. इतके करूनही श्रेणी कमी आली, तर ती घेऊन गृहस्थाने घरी जावे, मुलांजवळ बसावे आणि रात्री निर्धास्त झोपावे. वाढविलेल्या श्रेणीने ही झोप विकत मिळत नाही.

इतरांचे अहवाल लिहिणाऱ्यांसाठी

गीतेच्या वाचकांत अधिकारीही आहेत. त्यांची जबाबदारी अधिक मोठी आहे, कारण त्यांच्या एका शब्दाने एखाद्या घराची स्थिती पालटते. अठराव्या अध्यायाच्या बाविसाव्या श्लोकात तामस ज्ञानाचे लक्षण असे दिले आहे, की ते एकाच लहानशा कार्याला चिकटून राहते आणि तेच जणू सर्व काही आहे असे मानते. फेब्रुवारीतील एका चुकीवरून संपूर्ण वर्षाचा शेरा लिहिणारा वरिष्ठ याच ज्ञानाने लिहीत असतो; आणि एका गोड वागण्यावर संपूर्ण वर्ष 'उत्कृष्ट' ठरविणाराही त्याहून निराळा नसतो. केंद्रीय नियमांत प्रतिवेदन अधिकाऱ्याने किमान तीन महिने त्या मनुष्याचे काम पाहिलेले असावे लागते, यातील आशय हाच आहे. ज्या दोषाची वर्षभरात एकदाही समज दिली नाही, तो शेवटी अचानक लिहू नये. सांगावयाचे ते वेळीच आणि समक्ष सांगावे, म्हणजे सुधारण्यास अवसर राहतो. आणि हाताखालच्या माणसाने स्वतःची उणीव प्रामाणिकपणे लिहिली असेल, तर त्याच उणिवेसाठी गुण कापून त्यास खोटे लिहिण्याची शिकवण देऊ नये. श्रेष्ठ पुरुष जसे वागतो तसे इतर वागतात, हे तिसऱ्या अध्यायातील वचन कचेरीच्या चार भिंतींतही खरे ठरते.

अहवालाचे प्रपत्र हे काही धर्मग्रंथाचे पान नव्हे. तरी त्यावर लिहिलेल्या प्रत्येक अक्षरास सत्याचा नियम लागू आहे. येत्या वर्षारंभी गृहस्थाने एक कोरी वही आणावी, पहिल्या पानावर वर्षाची उद्दिष्टे लिहावीत, आणि पहिल्याच आठवड्याच्या अखेरीस आपल्या कामाबरोबर ज्याने साहाय्य केले त्याचे नाव त्यात टिपावे. त्या एका नावापासून तयारीस आरंभ झाला, असे समजावे.